मलावीच्या खेड्यांत आरोग्य-स्वच्छता शिकवायला निघालेल्या तरुण संघासाठी

पुणे जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघाचे सचिव विचारतात: आमचे १२ जण दोन आठवड्यांसाठी आफ्रिकेतल्या मलावीला, देद्झा जिल्ह्यात, तिथल्या मंडळीच्या आमंत्रणावरून जाणार आहेत. खेड्यांत आणि शाळांत आरोग्य व स्वच्छता शिकवायची आहे. ५०० साबण, ५०० टूथब्रश, हात धुण्याचे रंगीत तक्ते आणि एक बाहुलीनाट्य एवढी तयारी झाली आहे. जानेवारीत जायचा विचार आहे. आणखी काय न्यावं, कसं शिकवावं आणि त्यात बायबल कसं आणावं?

भाऊ, जय ख्रिस्त. मी परिचारिका आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत २० वर्षांहून अधिक काळ गावपातळीवर आरोग्याचं काम केलं आणि मलावीला सहा वेळा गेले. पहिल्या खेपेला तुमच्यासारखीच दोन आठवड्यांसाठी, शेवटच्या खेपेला सलग १४ महिने राहिले. तुमचं पत्र वाचून मला माझी पहिली बॅग आठवली. तीही साबणांनीच भरलेली होती.

आधी जानेवारीचं बोलते. तो महिना बदला. मलावीत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. जानेवारी ते मार्च हे तिथे उपासमारीचे महिने, कारण मागच्या वर्षीचा मका संपलेला असतो आणि नवा शेतात उभा असतो. बायका पहाटेपासून शेतात असतात, रस्ते चिखलात जातात, आणि कॉलराही याच दिवसांत वाढतो. अशा वेळी १२ पाहुणे गावात आले, की यजमान मंडळी स्वतः अर्धपोटी राहून तुम्हाला जेवू घालतील. तसं त्यांना करायला लावू नका. मे ते जुलै हा काळ चांगला. मका घरात आलेला असतो, माणसं निवांत असतात, शाळा बहुधा चालू असते. फक्त देद्झा उंचावर आहे, जून-जुलैत रात्री कडाक्याची थंडी पडते, तेव्हा स्वेटर घ्या. ‘आफ्रिका म्हणजे ऊन’ असं समजून गेलेली आमची मुलं पहिल्या रात्री कुडकुडत बसली होती.

आता मुद्द्याचं. तिथल्या लोकांना ‘हात धुवा’ हे सांगायला तुम्ही पहिले नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या कॉलराच्या साथीत मलावीत ५८ हजारांहून अधिक माणसं आजारी पडली आणि १,७०० हून अधिक दगावली. ती त्या देशातली नोंदलेली सर्वांत मोठी साथ. त्या काळात रेडिओवर, चर्चमध्ये, शाळेत, बाजारात सगळीकडे हेच सांगितलं गेलं. तिथल्या तिसरीतल्या मुलाला विचारा, हात कधी धुवायचे? तो तुमच्या तक्त्यावरच्या पाचही वेळा घडाघडा म्हणून दाखवेल. मग त्याच्याबरोबर घरी जा आणि बघा, संडासाजवळ पाणी आहे का, साबण कुठे ठेवलाय, तो मुलाच्या हाताला लागेल अशा जागी आहे का. तुमचं काम तिथून सुरू होतं.

हे मला जेवणाच्या वेळी समजलं. मलावीत न्सिमा खातात. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, त्यासोबत पाल्याची भाजी, बीन्स किंवा मासे. हातानेच खायचं, आपल्यासारखं. जेवणाआधी एका पसरट भांड्यात पाणी आणतात आणि सगळे त्यातच हात धुतात. आधी पाहुणे आणि वडीलधारे, मग बाकीचे, शेवटी मुलं. म्हणजे दहा जणांच्या हातांचा मळ उतरलेल्या पाण्यात सर्वांत लहान मूल हात बुडवतं, आणि त्याच हाताने जेवतं. हात धुण्याचा शिष्टाचार घराघरात आहे, आदराने पाळलाही जातो. गडबड त्या एका भांड्यात आहे. लग्नात आणि मयताच्या जेवणात तर शंभर माणसांत तीन-चार भांडी फिरतात.

मी पहिल्या खेपेला तीन दिवस तक्ते दाखवत होते आणि तीनही दिवस त्याच भांड्यात हात बुडवून जेवत होते. माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या अमायींच्या घरी गेलो. अमायी म्हणजे आई, बाईमाणसाला आदराने तसंच म्हणतात. त्यांची सून गुडघे टेकून बसली आणि तिने माझ्या हातांवर मगातून पाण्याची धार धरली, खाली रिकामं भांडं. मला एकदम आमच्या गावची पंगत आठवली. आपल्याकडे पाहुण्याच्या हातावर तांब्याने पाणी घालतात ना, अगदी तसंच! ही रीतही त्यांच्याकडे होतीच, काही घरांतून जुन्या काळापासून. आम्ही त्या अमायींनाच विचारलं, तुम्ही इतर बायकांना हे दाखवाल का? पुढच्या आठवड्यात चर्चमधल्या बायकांच्या बैठकीत त्यांनी ते दाखवलं. तिथल्या पाळकांच्या घरच्या मयताला पहिल्यांदा भांड्याऐवजी मग फिरला. माझ्या सगळ्या तक्त्यांनी मिळून जे झालं नाही, ते एका मगाने झालं.

म्हणून माझं सांगणं: पहिले तीन दिवस काहीही शिकवू नका. घरोघरी बसा, पाणी भरायला त्यांच्याबरोबर जा, स्वयंपाकाला हात लावा, प्यायचं पाणी कशात साठवतात आणि कशाने काढतात ते बघा. वहीत लिहा. तीन दिवस फुकट गेले असं तुमच्यातल्या उत्साही मुलांना वाटेल. त्यांना समजावणं हे तुमचं काम.

साबणांचं सांगते. माझ्या पहिल्या बॅगेतले साबण आम्ही एका शाळेत वाटले. मुलं ९०० आणि साबण ३००. रेटारेटीत एका मुलीचा हात मोडता मोडता वाचला. मिळाला नाही म्हणून रडणाऱ्या मुलांना समजवायला शिक्षक थांबले, आम्ही गाडीत बसून निघून आलो होतो. तीन आठवड्यांनी तेच साबण बाजारात विकायला आल्याचं मागाहून कळलं. ते दिवस जानेवारीचेच होते. एका आईने साबण विकून मक्याचं पीठ घेतलं. मला त्या बाईचा राग कधीच आला नाही, मीही तेच केलं असतं. पण तिच्या घरात काय कमी आहे हे न विचारता मी दोन समुद्र ओलांडून साबण घेऊन गेले, याचं वाईट मला अजून वाटतं.

साबण नेऊ नका. मलावीत साबण बनतो आणि मिळतो. खेड्यातल्या टपरीवरही लांब वडीचे तुकडे कापून विकतात. लागेल तेवढा तिथेच विकत घ्या, म्हणजे पैसा तिथल्या दुकानात जाईल आणि तुम्ही परतल्यावर लोकांना तोच साबण पुन्हा घेता येईल. टूथब्रशचंही तेच. जिथे एकदाच वाटप होतं, तिथे पुढच्या पाहुण्यांकडून लोक वाटपाचीच वाट बघतात, आणि रोज गावात राबणाऱ्या आरोग्य सेवकाला विचारतात, तू आम्हाला काय आणलंस?

त्या सेवकाबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. मलावी सरकारचे पगारी आरोग्य सेवक गावागावांत आहेत. साधारण हजार लोकांमागे एक असावा असं धोरण आहे, प्रत्यक्षात एकेकाकडे त्याहून कितीतरी जास्त माणसं असतात. लसीकरण, मुलांची वजनं, संडासांची पाहणी, विहिरीत क्लोरीन, साथीची खबर, सगळं तोच बघतो. आपल्या आशाताईंची आठवण होईल तुम्हाला. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी यजमान पाळकांमार्फत त्याच्याशी आणि जिल्हा आरोग्य कार्यालयाशी बोला. या वर्षी तुम्ही गावात कशावर भर देताय, आम्ही त्यात कुठे उपयोगी पडू, एवढं विचारा. तो जे म्हणेल तेच करा, भले ते तुमच्या नाटकाच्या संहितेत बसो न बसो. मी एकदा प्यायच्या पाण्याला क्लोरीनचं एक प्रमाण सांगितलं आणि तिथल्या सेवकाने लोकांना वेगळं सांगितलं होतं, कारण तिथे मिळणाऱ्या बाटलीची तीव्रता वेगळी होती. लोकांनी दोन्ही सोडून दिलं. तेव्हापासून बाटलीवर जे लिहिलंय आणि सेवक जे सांगतो, त्यापलीकडे मी एक थेंब सांगत नाही.

दुसरी शक्ती म्हणजे चर्चमधल्या बायका. तुमचे यजमान बहुधा प्रेस्बिटेरियन मंडळीचे असतील. देद्झाच्या भागात त्यांच्यात ‘चिग्विरिझानो’ नावाचा महिला संघ असतो. आजारी माणसाकडे जाणं, मयताच्या घरी स्वयंपाक करणं, बाळंतिणीला पाणी भरून देणं, हे सगळं त्या करतात. मयताच्या जेवणात हात कसे धुवायचे हे प्रत्यक्षात त्याच ठरवतात! तुमच्या मुलींनी या बायकांबरोबर दहा दिवस काढले तर ते सगळ्या शाळांतल्या कार्यक्रमांपेक्षा मोलाचं ठरेल. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, ते गावातल्याच बायकांना हाताशी धरून. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. बाळंतपण, जुलाब, कुपोषण यांत त्यांनी जे करून दाखवलं ते बघायला जगभरातून माणसं आली. निघण्याआधी तुमच्या संघाला दोन दिवस जामखेडला घेऊन जा. पुण्याहून लांब नाही.

गावात पहिल्या दिवशी म्फुमुंना, म्हणजे गावप्रमुखांना भेटल्याशिवाय काही करायचं नाही. त्या बाईही असू शकतात. उजव्या हाताने हस्तांदोलन करताना डावा हात उजव्या कोपराला लावायचा, मुलींनी चितेंजे, म्हणजे तिथलं लुंगीसारखं कापड, कमरेला गुंडाळायचं, पँट घालून गावात फिरायचं नाही. चटईवर बसा म्हटलं की बसायचं. एका म्फुमुंनी आमचं स्वागत करताना चिचेवा भाषेतली म्हण सांगितली: ‘म्लेंडो अमाद्झा न्दी कालुमो काकुथ्वा.’ पाहुणा येतो तो धारदार वस्तरा घेऊन. म्हणजे जे कोडं घरच्यांना सुटत नाही ते पाहुणा सोडवतो. ऐकून आम्ही फुशारलो. मग त्यांनी त्यांचं कोडं सांगितलं: गावचा हातपंप सात महिने बंद आहे, बायका ओढ्याचं पाणी आणतात. आमच्या बॅगेत हात धुण्याचे तक्ते होते.

पाण्याबद्दल म्हणूनच आधी विचारा. डोक्यावर २० लिटरची बादली घेऊन अर्धा तास चालणाऱ्या बाईला ‘दिवसातून दहा वेळा हात धुवा’ म्हणणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक बादली ठेवणं. मलावीत बहुतेक ठिकाणी ॲफ्रिदेव्ह जातीचा हातपंप दिसेल. तो गावातल्याच माणसांना मोजक्या हत्यारांनी खोलता यावा असा बनवलेला आहे. बंद पडतो तो बहुतेक वेळा आतल्या सील आणि बुशसारख्या लहान भागांपायी किंवा दांडे झिजून, आणि ते भाग आणायला पैसे कुणी गोळा करायचे, यापायी. गावची पाणी समिती जिवंत आहे का, तिच्यात बायका आहेत का, सुटे भाग कोणत्या गावी मिळतात, हे सेवकाला विचारा. तुमच्या १२ तिकिटांपैकी एका तिकिटाच्या पैशांत किती गावांच्या पंपांचे सुटे भाग येतील याचा हिशेब मांडून बघा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती आपल्याच मातीतली आहे. शेजारच्या झांबियात आणि आफ्रिकेत इतरत्र जो इंडिया मार्क टू हातपंप दिसतो, त्याचं मूळ मराठवाड्यात आणि सोलापुरात आहे. दुष्काळी भागात पूर्वीचे बिडाचे पंप सारखे मोडायचे, म्हणून तिथे बोअर खोदणाऱ्या ख्रिस्ती मिशनच्या कार्यशाळांतल्या माणसांनी पोलादाचे मजबूत पंप घडवले. जालना पंप आणि सोलापूर पंप ही त्यांची नावं. त्याच धर्तीवर १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू तयार झाला. तुमच्या मुलांना हे सांगा. मिशनचं आरोग्यकाम म्हटलं की आपल्याला दवाखाना आणि इंजेक्शन आठवतं. जालन्यातल्या त्या फिटर-वेल्डरांनी किती लेकरं जुलाबापासून वाचवली असतील, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

आता हाताने करायचं काम. कमी पाण्यात हात धुवायची सोपी सोय म्हणजे पायाने ओढायचा डबा. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घ्यायचा, तोंडाच्या थोडं खाली तापलेल्या खिळ्याने एक भोक पाडायचं. दोन बेचक्यांच्या खांबांवर आडवी काठी, ती कॅनच्या मुठीतून ओवलेली. कॅनच्या गळ्याला दोरी, तिचं दुसरं टोक जमिनीलगतच्या काठीला. काठीवर पाय दाबला की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. घाणेरड्या हाताने कशालाच शिवावं लागत नाही. खाली खडी टाकायची, नाहीतर चिखल होतो आणि डास होतात. साबणाला भोक पाडून दोरीने टांगायचा, वर अर्धी बाटली उलटी लावायची म्हणजे पावसाने विरघळत नाही.

असे डबे पाहुण्यांनी बांधलेले मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतले किती महिन्याभरात कोरडे पडलेत तेही पाहिलंय. खांबांना वाळवी लागते. साबण चोरीला जातो किंवा उंदीर कुरतडतात. दोरी तुटते. आणि मुख्य म्हणजे, तो भरायचा कुणी, हे ठरलेलं नसतं. तेव्हा तुम्ही एकही बांधू नका. महिला संघाच्या बायका आणि घरातली मोठी मुलं बांधतील, तुम्ही दोरी धरा. वाळवी न लागणारं लाकूड कोणतं, हे त्यांना माहीत असतं, मला आणि तुम्हाला नाही. जागा अशी की संडासातून बाहेर पडलेल्या माणसाला त्याच्यावरूनच जावं लागेल. संडासाच्या मागे बांधलेला डबा मी कधी ओला पाहिला नाही. दुसरा डबा चुलीजवळ. आणि घरातलं कोणतं मूल तो रोज सकाळी भरणार, त्याचं नाव त्याच्या आईसमोर ठरवायचं.

वडी टिकत नसेल तर साबणाचं पाणी करा. दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपड्याची पावडर घालून हलवायचं, बाटलीच्या झाकणाला भोक पाडायचं. शाळेसाठी हे फार सोयीचं, कुणी पळवून नेत नाही आणि पुष्कळ दिवस पुरतं. तेही नसेल तर चुलीतली राख, आपल्या आज्या भांडी आणि हात राखेनेच घासायच्या. साबणाने हात धुण्याने जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी कमी होतं असं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांतून दिसलंय. एवढं मोठं फळ देणारी इतकी स्वस्त गोष्ट आरोग्याच्या कामात दुसरी क्वचितच सापडेल.

शिकवण्याबद्दल दोन-तीन अनुभव सांगते. आमच्या दुभाष्याने ‘जंतू’साठी ‘तिझिलोंबो’ शब्द वापरला. चिचेवात त्याचा सरळ अर्थ बारके किडे-प्राणी. बायकांनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, किडे तर कुठेच नाहीत! मला हसू आलं नाही, कारण आपल्या खेड्यांतही जंतू म्हटलं की पोटातले जंतच डोळ्यांपुढे येतात. तेव्हापासून मी जंतू हा शब्दच टाळते. कोळशाची पूड थोड्या तेलात मिसळून एका बाईच्या तळहाताला लावायची. तिने शेजारणीशी हस्तांदोलन करायचं, तिने पुढचीशी. सहाव्या-सातव्या हातापर्यंत काळं पोचतं. मग निम्म्या जणींनी नुसत्या पाण्याने धुवायचं, निम्म्यांनी साबणाने. पुढे काही सांगावंच लागत नाही. नखांत राहिलेलं काळं बघून त्या आपोआप एकमेकींची नखं तपासायला लागतात.

बाहुलीनाट्य राहू द्या. दुभाष्यामार्फत विनोद पोचत नाही. त्याऐवजी जे दाखवलं त्यावर बायकांना गाणं रचायला सांगा. मलावीत गाणं आणि नाच ही चर्चच्या श्वासातली गोष्ट आहे. एका रात्रीत चाल लागते, आणि रविवारी शंभर माणसं ते म्हणतात. पावसाळ्यात कॉलरा येईल तेव्हा तुम्ही इथे असाल, गाणं तिथे असेल.

लाज वाटायला लावून शिकवू नका. उघड्यावर शौचाला बसण्याविरुद्ध गावानेच ठराव करावा म्हणून घाण कुठे आहे ते गावकऱ्यांनाच फिरून दाखवायची एक पद्धत आहे. आपल्या भारतातल्या कमल कार यांनी ती २००० च्या सुमारास बांगलादेशात उभी केली, पुढे ती मलावीतही पोचली. सेवक ती वापरत असेल तर तो त्याच्या माणसांना ओळखतो, त्याला करू द्या. परदेशी पाहुण्याने कुणाची घाण कुणाला दाखवायची नसते. आपल्याकडच्या गुड मॉर्निंग पथकांनी पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या बायामाणसांचा जो पाणउतारा केला, तो मी जवळून पाहिला आहे. त्यातून संडास बांधले गेले असतील, पण त्या बायकांनी नंतर आमच्याशी बोलणं सोडलं. त्यापेक्षा गाडगेबाबांचा मार्ग धरा. गावात पोचले की आधी हातात खराटा, रात्री कीर्तन. तुमच्या मुलांनी चर्चचा आणि शाळेचा संडास पहिल्या दिवशी स्वतः घासावा. कुणाला सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही.

बायबल कसं आणायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात छावणीबाहेर जागा राखून, खणून, मळ झाकून टाकायची आज्ञा आहे. ती वाचली की माणसं चकित होतात, देवाने संडासाचाही विचार केला म्हणून. पण मार्कच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायाचीही तयारी ठेवा. न धुतलेल्या हातांनी जेवणाऱ्या शिष्यांवरून परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी, येशूशी वाद घालतात तो प्रसंग. दोन ठिकाणी मला वडीलमंडळींनी तोच दाखवून विचारलं, प्रभूच म्हणतो ना, बाहेरून आत जाणारं माणसाला विटाळवत नाही? मी म्हटलं, तिथे वाद पापाचा आणि विटाळाचा आहे, जुलाबाचा नाही, आणि बायका हसल्या. वडीलही हसले. पण हे उत्तर पाळकांनी दिलं तर जास्त बरं, तेव्हा त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. औषध नाकारणारे काही पंथही तिथे आहेत. त्यांच्याशी वाद घालायला तुम्ही गेलेला नाहीत. साखर-मिठाचं पाणी आणि हात धुणं त्यांनाही चालतं.

आणि एक अट मी माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक संघाला घालते: साबण, पाणी, आरोग्याचं ज्ञान यांच्या बदल्यात प्रार्थनेला बसवायचं नाही. प्रार्थना हवी त्याच्यासोबत मनापासून प्रार्थना करा, मी करते. पण डबा बांधायला आलेल्या बाईला आधी संदेश ऐकायला लावायचा नाही. देद्झाहून सरोवराकडे उतरलात तर याव लोकांची गावं लागतील, ते बहुतेक मुसलमान आहेत. नमाजाआधी वाहत्या पाण्याने हात-तोंड धुण्याची त्यांची रीत आहेच, तिथे मगाची धार आपण त्यांच्याकडून शिकावी. आपले पूर्वज मिशनऱ्यांच्या दवाखान्यांत गेले तेव्हा त्यांच्यावर जे आळ आले, ते आपल्या घरांनी सोसले आहेत. तिथल्या ख्रिस्ती भावंडांवर ती वेळ आपल्यामुळे यायला नको.

जुलाबाच्या मुलाला काय द्यायचं हे मात्र प्रत्येकीला हाताने करून दाखवा. क्षारसंजीवनीचं पाकीट मिळत असेल तर तेच, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि त्यांच्याच घरातला घ्या, कारण चमचे सारखे नसतात. मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून चव बघायची, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नको. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर असंच पाणी पिंपांतून पाजलं आणि हजारो जीव वाचवले. डोळे खोल गेलेलं, पिणं बंद केलेलं, शौचात रक्त जाणारं मूल दिसलं तर मात्र तिथेच थांबायचं नाही, आरोग्य केंद्र गाठायचं. तुमच्यात डॉक्टर किंवा परिचारिका असली तरी तिथल्या वैद्यकीय परिषदेच्या परवानगीशिवाय औषध द्यायचं नाही, इंजेक्शन तर नाहीच. बॅगेतल्या उरल्यासुरल्या गोळ्या वाटू नका.

मुलींच्या पाळीचा विषय फक्त बायकांनी, महिला संघाच्या एखाद्या समजूतदार अमायींसोबत काढावा. जुन्या चितेंजेचे तुकडे वापरतात. ते ओले, अंधारात, गादीखाली वाळत घालतात, लाजेपायी. स्वच्छ धुऊन उन्हात वाळवायचे आणि ते दिसू नयेत म्हणून वर पातळ कापड टाकायचं, एवढं ठरलं तरी पुष्कळ झालं. कापडी पॅड शिवायला शिकवणार असाल तर आधी विचारा, मुलींकडे आत घालायला चड्डी आहे का. हा प्रश्न न विचारता शेकडो पॅड वाटून गेलेले संघ मला माहीत आहेत.

आता तुमच्या स्वतःच्या प्रकृतीचं, थोडक्यात. १८७५ मध्ये स्कॉटिश मिशनऱ्यांनी मलावी सरोवराकाठी केप मॅक्लिअरला पहिलं ठाणं केलं, आणि तापाने माणसं गेल्यामुळे काही वर्षांत ते सोडावं लागलं. मलेरिया अजून आहे, आणि तो मेंदूत जाणारा आहे. निघण्याआधी प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मच्छरदाणीतच झोपा, आणि परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर ‘मी आफ्रिकेत जाऊन आलो’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. सरोवर फार सुंदर आहे, पण पोहू नका. गोगलगायींतून पाण्यात येणारा बिल्हार्झियाचा कृमी कातडीतून शरीरात शिरतो. विमान इथिओपियामार्गे असेल तर पीतज्वराची लस आणि तिचं कार्ड निदान दहा दिवस आधी घ्या, परतताना आपल्या विमानतळावर विचारणा होऊ शकते.

आणि १२ जण नकोत. पाच पुरेत: तीन बायका, दोन पुरुष, त्यांत एक तरी शिवणकाम किंवा फिटरकाम जाणणारा. बाकीच्या सात तिकिटांच्या पैशांचं काय करायचं ते महिला संघाच्या बायका आणि तो सेवक यांना ठरवू द्या. हे तुमच्या मंडळीत सांगणं जड जाईल, याची मला कल्पना आहे. प्रत्येकाला जायचं असतं, आणि त्यात प्रेमच असतं.

परत आल्यावर तीन महिन्यांनी पाळकांना फोन करा. ऑक्टोबर असेल, पाऊस तोंडावर आलेला. अहवाल मागू नका. एका अमायींना गावातून चक्कर मारायला सांगा आणि विचारा: किती डबे अजून उभे आहेत, आणि त्यांतल्या कितींत आज पाणी आहे? माझ्या शेवटच्या गावातून ४० पैकी २३ असं उत्तर आलं होतं. मग त्याच म्हणाल्या, उरलेल्या १७ घरांत त्या शनिवारी जाणार आहेत, आणि हातावर पाणी घालायचा मग न्यायला विसरणार नाहीत.